दोन डिजिटल मॅमोग्राफी यंत्रणांच्या निदान-अचूकतेची तुलना: प्रश्न ठरवण्यापासून अहवालापर्यंत

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या, बाबतीत ‘जुन्या यंत्रापेक्षा नवे यंत्र किती अचूक आहे?’ या प्रश्नावर रेडिओलॉजीचे पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात, रुग्णालयांच्या खरेदी समित्या बैठका घेतात आणि विक्रेते तक्ते मांडतात. असे अनेक प्रबंध आणि तक्ते वाचल्यावर माझ्या लक्षात आले की त्यांतली बेरीज-वजाबाकी सहसा बरोबर असते. चुकतो तो कामाचा क्रम. प्रतिमा आधी गोळा होतात, प्रश्न नंतर ठरतो, आणि तपासलेल्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग खरोखर होता की नव्हता हे ठरवण्याचा निकष सर्वांत शेवटी, हाती असलेल्या फाइलींवरून, जुळवला जातो. अशा तुलनेतून निघालेली टक्केवारी पुढे यंत्र निवडण्यासाठी वापरली जाते आणि त्या यंत्राखाली हजारो स्त्रिया येतात, म्हणून हा क्रम नीट लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

पुढे ठिकठिकाणी एका अभ्यासाचा आधार घेतला आहे. अमेरिका आणि कॅनडातील ३३ केंद्रांवर ४९,५२८ स्त्रियांची नोंदणी करून झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डीमिस्ट’ हा अभ्यास फिल्म आणि डिजिटल मॅमोग्राफीची तुलना करणारा होता. आज फिल्म मागे पडली असली तरी त्याची रचना दोन डिजिटल यंत्रणांच्या तुलनेलाही धडा म्हणून उपयोगी पडते.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

पहिली प्रतिमा घेण्याआधी एक वाक्य कागदावर उतरले पाहिजे, आणि त्यात पाच गोष्टी आल्या पाहिजेत: कोणत्या दोन यंत्रणा, कोणत्या स्त्रिया, वाचन कोण करणार, कोणत्या मापाने तुलना होणार आणि तुम्हाला काय दाखवायचे आहे. शेवटची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. नवी यंत्रणा अधिक चांगली आहे असे दाखवायचे आहे, की ती जुन्यापेक्षा वाईट नाही एवढेच दाखवायचे आहे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांना लागणारी रुग्णसंख्याही वेगळी आहे. ‘वाईट नाही’ असे म्हणायचे असेल, तर किती घट चालवून घ्यायची ती मर्यादा आधी ठरवावी लागते. निकाल पाहून ठरवलेल्या मर्यादेला काही अर्थ उरत नाही.

यंत्रणा म्हणजे केवळ मशीनचे नाव नव्हे. डिटेक्टरचा प्रकार, क्ष-किरण निर्माण करणारा ॲनोड आणि ते गाळणारा फिल्टर यांची जोडी, प्रतिमा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, वर्कस्टेशन आणि मॉनिटर हे सगळे मिळून यंत्रणा होते. यांतला एक घटक बदलला तरी तुलना दुसऱ्याच वस्तूची होते.

इशारा. ‘डिजिटल’ या एका शब्दाखाली सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) आणि डीआर (डायरेक्ट डिजिटल रेडिओग्राफी) एकत्र करू नका. सीआरमध्ये जुन्याच मशीनमध्ये फॉस्फर प्लेटची कॅसेट घालून ती नंतर रीडरमध्ये वाचली जाते. डीआरमध्ये डिटेक्टर मशीनमध्येच बसवलेला असतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या स्क्रीनिंग कार्यक्रमाच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत डीआरने दर हजारी ४.९ आणि फिल्मने ४.८ कर्करोग सापडले, तर सीआरने ३.४. दोन्ही प्रकार एकत्र मोजले असते तर ‘डिजिटल जवळजवळ फिल्मइतकेच’ असा निष्कर्ष निघाला असता आणि सीआरमधली उणीव त्याखाली झाकली गेली असती. आपल्याकडेही जुन्या मशीनवर सीआर कॅसेट लावून ‘डिजिटल मॅमोग्राफी’ची पाटी लावलेली केंद्रे आहेत, त्यामुळे ही नोंद इथे अधिकच लागू पडते.

## टप्पा २: स्त्रियांची निवड

लक्षण नसलेल्या स्त्रियांची स्क्रीनिंग तपासणी आणि गाठ लागली म्हणून आलेल्या स्त्रीची निदानात्मक तपासणी यांत मिळणारी अचूकता एकच समजू नका. गाठ हाताला लागण्याइतकी मोठी असेल तर कोणतेही ठीकठाक यंत्र ती दाखवते. दोन यंत्रणांमधला खरा फरक लहान, अस्पष्ट आणि दाट ऊतींत लपलेल्या रोगात दिसतो. म्हणून केवळ बाह्यरुग्ण विभागात गाठ घेऊन आलेल्या स्त्रियांवर केलेली तुलना ‘दोन्ही यंत्रे सारखीच’ असे सांगण्याकडे झुकते.

भारतात हा धोका जास्त आहे. आपल्याकडे मॅमोग्राफीचे देशव्यापी स्क्रीनिंग नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेली मोठी चाचणीही मॅमोग्राफीची नव्हती. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तन-परीक्षणाची होती. त्यामुळे आपल्या रुग्णालयांत मॅमोग्राफीला येणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया लक्षणे घेऊन येतात, आणि त्यांच्यावर मिळालेली टक्केवारी उद्या निरोगी स्त्रियांच्या शिबिराला लावणे चूक ठरते.

याचा परिणाम किती मोठा असतो ते हिशेबाने पाहा. समजा, एका यंत्रणेची संवेदनशीलता (कर्करोग असलेल्यांपैकी किती बरोबर ओळखल्या) ८५ टक्के आणि विशिष्टता (निरोगी असलेल्यांपैकी किती बरोबर निरोगी म्हटल्या) ९० टक्के आहे. स्क्रीनिंगमध्ये हजार स्त्रियांत ५ कर्करोग असतील, तर त्यांतले चारएक सापडतील आणि निरोगी ९९५ पैकी सुमारे १०० जणींना विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ म्हटले जाईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या शंभर जणींत कर्करोग असलेल्या चारच. हीच यंत्रणा हजारात २०० कर्करोग असलेल्या निदान-विभागात ठेवली, तर १७० खऱ्या आणि ८० खोट्या पॉझिटिव्ह मिळतील, म्हणजे शंभरात ६८. मशीन तेच, तरी एक आकडा ४ आणि दुसरा ६८. म्हणून ‘पॉझिटिव्ह निघालेल्यांत खरे किती’ हा आकडा दोन वेगवेगळ्या रुग्णालयांतून उचलून यंत्रांची तुलना कधीही करू नका.

निवडीचे नियम लिहून ठेवा आणि त्यात बसणारी प्रत्येक स्त्री क्रमाने घ्या. ‘चांगल्या प्रतिमा’ असलेल्या फाइली निवडल्या की तुलना तिथेच संपली. मॅमोग्रामच्या अहवालात वापरल्या जाणाऱ्या बायरॅड्स या ० ते ६ श्रेणींतली ६, म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेल्या स्त्रिया, वगळाव्यात. बायोप्सीनंतरचे रक्त साचणे किंवा आत ठेवलेली धातूची क्लिप प्रतिमेत दिसते आणि वाचकाला उत्तर मिळून जाते. प्रत्येक स्त्रीचे वय, रजोनिवृत्तीची स्थिती आणि स्तनघनता (प्रतिमेत दाट दिसणाऱ्या ऊतींचे प्रमाण) बायरॅड्सच्या अ, ब, क, ड या वर्गवारीने तपासणीच्या वेळीच नोंदवा. डीमिस्टमध्ये एकूण अचूकतेत फरक सिद्ध झाला नाही, पण ५० वर्षांखालील, दाट स्तनांच्या आणि रजोनिवृत्ती न आलेल्या किंवा ती जवळ आलेल्या स्त्रियांत डिजिटल सरस ठरले. हे गट आधीच ठरवले नसते तर त्या अभ्यासाचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष हातातून निसटला असता.

पडताळणी. वगळलेल्या प्रत्येक स्त्रीचे कारण एका ओळीत लिहिलेले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: खरे उत्तर कसे ठरवणार?

संपूर्ण कामातला सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच आहे. ज्या स्त्रीची बायोप्सी झाली तिचे उत्तर हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे ऊतीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा, अहवाल देतो. पण जिचा मॅमोग्राम दोन्ही यंत्रणांवर निर्मळ आला तिची बायोप्सी कोणी करत नाही आणि करूही नये. मग तिला कर्करोग नव्हता हे कशावरून?

इथे बहुतेक प्रबंध एक सोयीची वाट धरतात: ज्यांची बायोप्सी झाली तेवढ्याच स्त्रिया अभ्यासात घेतात. याने काय होते ते समजून घ्या. बायोप्सी झालेल्यांत मॅमोग्राम संशयास्पद असलेल्याच प्रामुख्याने असतात. ज्यांचा रोग यंत्राने दाखवलाच नाही त्या स्त्रिया हिशेबातून गळतात, म्हणून संवेदनशीलता फुगते. आणि ज्या निरोगी स्त्रियांना यंत्राने बरोबर निरोगी म्हटले त्याही गळतात, म्हणून विशिष्टता घसरते. ‘संवेदनशीलता ९७ टक्के, विशिष्टता ४० टक्के’ अशा धाटणीचे आकडे दिसले की आधी बायोप्सीचा रकाना पाहावा.

उपाय पाठपुराव्याचा आहे. डीमिस्टमध्ये १५ महिन्यांच्या आत झालेली बायोप्सी किंवा किमान १० महिन्यांनी घेतलेला पुढचा मॅमोग्राम यांवरून स्थिती ठरवली गेली. नोंदणी झालेल्या ४९,५२८ पैकी ४२,७६० स्त्रियांचीच सर्व माहिती पूर्ण मिळाली, आणि त्यांत ३३५ कर्करोग निघाले. इतक्या साधनसंपन्न अभ्यासातही सुमारे १४ टक्के स्त्रिया अंतिम हिशेबाबाहेर राहिल्या, हे लक्षात ठेवून आपल्या प्रबंधाचे वेळापत्रक आखावे.

आपल्याकडे पाठपुरावा तुटतो तो अगदी साध्या कारणांनी. केसपेपरवरचा मोबाइल नंबर सोबत आलेल्या भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो, पत्ता ‘मु. पो.’ एवढ्यावर थांबतो. स्त्री माहेरी येऊन तपासून गेलेली असते आणि राहते दुसऱ्याच तालुक्यात. म्हणून नोंदणीच्या दिवशीच दोन वेगवेगळे नंबर घ्या, त्यातला एक तिचा स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा, तो तिच्यासमोर लावून पाहा, सध्या राहत्या गावाचे नाव लिहा, गावातल्या आशा सेविकेमार्फत निरोप द्यायला तिची संमती घ्या, आणि पुढच्या भेटीची तारीख तिच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. परवानगी आणि गोपनीयतेचे नियम पाळून कर्करोग नोंदणीशी पडताळणी करता आली तर फारच उत्तम. मुंबईची नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे. तुमच्या रुग्णालयात ‘निर्मळ’ ठरलेली आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे कर्करोगाचे निदान झालेली स्त्री अशाच मार्गाने सापडते.

इशारा. खरे उत्तर ठरवणाऱ्या व्यक्तीला कोणत्या यंत्रणेने काय सांगितले ते कळता कामा नये. आणि ज्या यंत्रणेची तुलना चालू आहे तिचाच अहवाल ‘खरे उत्तर’ म्हणून वापरणे ही तर वर्तुळात फिरण्याची रीत झाली. ‘जुन्या यंत्राशी नव्याची ९४ टक्के सहमती’ हे अचूकतेचे माप होऊ शकत नाही. दोन्ही यंत्रे एकच कर्करोग चुकवत असतील तरी सहमती उत्तमच येईल.

## टप्पा ४: रचना ठरवा

सर्वांत बळकट रचना जोडीची: प्रत्येक स्त्रीची तपासणी दोन्ही यंत्रणांवर, शक्यतो त्याच दिवशी. डीमिस्टमध्ये प्रत्येक स्त्रीची फिल्म आणि डिजिटल अशी दोन्ही तपासणी झाली, क्रम यादृच्छिक ठेवला गेला आणि दोन वेगळ्या रेडिओलॉजिस्टनी त्या स्वतंत्रपणे वाचल्या. स्त्री तीच असल्याने वय, घनता आणि रोगाचा आकार दोन्हीकडे आपोआप सारखा राहतो.

पण जोडीच्या रचनेची किंमत ती स्त्री मोजते: स्तनावर दोनदा दाब आणि दुप्पट किरणोत्सर्ग. डीमिस्टमधील मोजणीत प्रत्येक प्रतिमेमागे ग्रंथी-ऊतीला मिळालेली सरासरी मात्रा फिल्मवर २.३७ आणि डिजिटलवर १.८६ मिलिग्रे होती. मात्रा कमी असली तरी ती दुसऱ्यांदा का द्यायची याचे उत्तर नैतिकता समितीपुढे मांडावे लागते आणि संमतिपत्रात सोप्या मराठीत लिहावे लागते. ‘आपली तपासणी दोन मशीनवर होईल, दुसरी तपासणी आपल्या उपचारासाठी गरजेची नाही, ती अभ्यासासाठी आहे’ एवढे स्पष्ट वाक्य त्यात हवेच. दोन्ही मशीनना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असल्याची प्रत फाइलला लावा आणि अभ्यासाची नोंद पहिल्या स्त्रीच्या आधी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणीत करा.

दोनदा तपासणी शक्य नसेल तर यादृच्छिक वाटणी करा. ‘जानेवारी ते जून जुने मशीन, जुलै ते डिसेंबर नवे मशीन’ ही वाटणी नव्हे. मध्येच ऑक्टोबरमध्ये स्तनकर्करोग जागृती महिन्याची शिबिरे येतात आणि येणाऱ्या स्त्रियांचा गटच बदलतो.

डीमिस्टमध्ये पाच डिजिटल यंत्रणा वापरल्या गेल्या होत्या, पण त्यांची समोरासमोर जोडी लावलेली नव्हती. नंतरच्या वाचक-अभ्यासांत प्रत्येक निर्मात्याच्या प्रतिमांची तुलना फिल्मशी झाली. त्या आकड्यांवरून ‘अमुक कंपनी तमुकपेक्षा वरचढ’ असे म्हणता येत नाही. माहितीपत्रकांत मात्र नेमके असेच केलेले दिसते.

## टप्पा ५: किती स्त्रिया लागतील?

संवेदनशीलता फक्त कर्करोग असलेल्या स्त्रियांवरून ठरते, म्हणून एकूण संख्येकडे पाहून समाधान मानू नका. ६०० स्त्रियांचा अभ्यास भारदस्त वाटतो. त्यांत कर्करोग ४० असतील तर संवेदनशीलतेचा नमुना ४० चाच आहे. समजा, त्यांतले ३४ सापडले. टक्केवारी ८५, पण ९५ टक्के विश्वास-अंतराल (नमुना लहान असल्याने खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) सुमारे ७१ ते ९३. एवढ्या रुंद पट्ट्यात दोन यंत्रणांमधला पाच टक्क्यांचा फरक शोधणे शक्य नाही.

स्क्रीनिंगच्या गटात दर हजारी ५ कर्करोग धरले तर १०० कर्करोगांसाठी २०,००० स्त्रिया लागतात, आणि ते एका महाविद्यालयाच्या आवाक्यातले काम नाही. म्हणून लहान केंद्रांनी कर्करोगाच्या प्रतिमांचे प्रमाण मुद्दाम वाढवलेला प्रतिमासंच करून, तो अनेक वाचकांकडून दोन्ही यंत्रणांवर वाचून घेण्याचा मार्ग घ्यावा. त्यातून यंत्रणांची आपापसातली तुलना मिळते. प्रत्यक्ष स्क्रीनिंगमधली संवेदनशीलता किंवा परत बोलावण्याचे प्रमाण मिळत नाही. हे बंधन अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

नमुनासंख्या काढायला संख्याशास्त्रज्ञाकडे टप्पा १ चे वाक्य घेऊन जा. प्रतिमा गोळा झाल्यावर गेलात तर तोही काही करू शकत नाही.

## टप्पा ६: दोन्ही यंत्रणा एका पातळीवर आणा

हे काम तंत्रज्ञ आणि वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ यांच्याशिवाय होत नाही. पुढील गोष्टी याच क्रमाने करा.

१. दोन्ही मशीनची गुणवत्ता चाचणी अभ्यास सुरू होण्याआधी पूर्ण करा आणि त्यानंतर ठरलेल्या अंतराने करत राहा. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या जुन्या फँटममध्ये (स्तनाच्या जागी ठेवायच्या चाचणी-ठोकळ्यात) किमान ४ तंतू, ३ कणसमूह आणि ३ गाठी दिसाव्या लागतात. नव्या डिजिटल फँटमचे निकष वेगळे आहेत, त्यामुळे दोन मशीनसाठी दोन वेगळे फँटम वापरू नका.

२. मात्रा मोजा. एक यंत्रणा जास्त किरणोत्सर्ग देऊन चांगली प्रतिमा मिळवत असेल, तर ते तुलनेत दिसले पाहिजे. प्रमाणित ४.२ सेंटिमीटर दाबलेल्या स्तनासाठी प्रत्येक प्रतिमेला ३ मिलिग्रेची अमेरिकी मर्यादा आहे.

३. स्वयंचलित एक्स्पोजर नियंत्रण दोन्हीकडे रोजच्या वापरातल्या पद्धतीवर ठेवा.

४. दोन्ही मशीनवर तोच तंत्रज्ञ किंवा तीच तंत्रज्ञ काम करील अशी पाळी लावा. पॅडल खाली आल्यावर मशीनच्या पट्टीवर दाबलेल्या स्तनाची जाडी दिसते. ती प्रत्येक वेळी लिहून घ्या. एका मशीनवर ४८ मिलिमीटर आणि दुसऱ्यावर त्याच स्तनाची ५८ मिलिमीटर आली, तर तुमच्या तुलनेत यंत्राचा नव्हे, दाबाचा फरक शिरला आहे. तिरक्या प्रतिमेत छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला आहे का, हेही दोन्हीकडे तपासा.

५. प्रतिमा दोन्ही यंत्रणांच्या सादरीकरणासाठी प्रक्रिया झालेल्या स्वरूपात आणि मूळ दर्जाने साठवा. पॅक्समध्ये (रुग्णालयाच्या प्रतिमा-साठवण प्रणालीत) जागा वाचवण्यासाठी दाबून लहान केलेल्या प्रतिमांत सूक्ष्म कॅल्शियमचे कण सर्वांत आधी हरवतात.

इशारा. फँटमचे गुण म्हणजे निदान-अचूकता नव्हे. ०.१ मिलिमीटरची सोन्याची चकती कोणत्या यंत्रणेवर अधिक पातळ असतानाही दिसते, हे सीडीमॅम फँटम सांगते, आणि खरेदीपूर्वी ते पाहणे योग्यच आहे. पण दाट स्तनात पसरलेली ऊतींची विकृत रचना रेडिओलॉजिस्टला दिसेल का, या प्रश्नाला ती चाचणी स्पर्शही करत नाही.

## टप्पा ७: वाचन

एका रुग्णालयातली वाचनखोली मला नीट आठवते. पाच मेगापिक्सलचा उत्तम मॉनिटर, आणि त्याच्या काचेत मागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ, नेमकी काखेकडच्या भागावर. जुन्या यंत्रणेच्या प्रतिमा मात्र शेजारच्या अंधाऱ्या खोलीत वाचल्या जात. तिथे निघालेला फरक दोन यंत्रांचा होता की दोन खोल्यांचा, हे शेवटपर्यंत सांगता आले नाही. दोन्ही यंत्रणांच्या प्रतिमा एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या, वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या डायकॉम मानकाप्रमाणे समायोजित मॉनिटरवर वाचा आणि खोलीतला प्रकाश २० ते ४५ लक्सच्या दरम्यान ठेवा.

वाचक एकच असेल तर तुम्ही त्या वाचकाची दोन यंत्रणांवरील कामगिरी मोजत आहात. निष्कर्ष इतरांना लागू करायचा असेल तर अनेक वाचक हवेत, आणि त्यांत केवळ विभागप्रमुख नकोत. रोज मॅमोग्राफी वाचणारे आणि कधीमधी वाचणारे, दोन्ही हवेत. ज्या यंत्रणेची सवय नाही तिच्या काही प्रतिमा सरावासाठी आधी द्या, नाहीतर सवयीची यंत्रणा जिंकेल. एकच वाचक दोन्ही यंत्रणा वाचत असेल तर दोन वाचनांमध्ये किमान चार आठवडे जाऊ द्या आणि निम्म्या प्रकरणांत क्रम उलटा ठेवा.

वाचकाला वय आणि लक्षणे सांगायची की नाही, जुने मॅमोग्राम द्यायचे की नाही, सोनोमॅमोग्राफीचा अहवाल पाहू द्यायचा की नाही, हे आधी ठरवा आणि दोन्ही यंत्रणांना सारखेच लागू करा. संगणकाने संशयित जागा दाखवणारे सॉफ्टवेअर एका यंत्रणेसोबत मोफत आले म्हणून तिथेच चालू ठेवणे ही अलीकडे वारंवार दिसणारी चूक आहे. प्रतिमेच्या कोपऱ्यातली अक्षरे झाकली तरी पार्श्वभूमीचा काळेपणा आणि त्वचेची रेघ पाहून अनुभवी वाचक मशीन ओळखतो. पूर्ण झाकणे शक्य नसते, म्हणून ‘वाचकांना यंत्रणा माहीत नव्हती’ असे ठामपणे लिहू नये.

प्रत्येक स्तनासाठी दोन नोंदी घ्या. पहिली बायरॅड्स श्रेणी. दुसरी संशयाची स्वतंत्र मोजपट्टी. डीमिस्टमध्ये ती सात पायऱ्यांची होती. बायरॅड्स ही पुढे काय करायचे ते सांगणारी श्रेणी आहे, आणि तिच्यातला ० हा ‘आणखी तपासा’ असा निरोप आहे. तो १ च्या खालचा संशय नव्हे. बायरॅड्स ० ते ५ सरळ चढत्या क्रमाने संगणकात भरून काढलेला आरओसी वक्र (संशयाचा उंबरठा बदलला की संवेदनशीलता आणि खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण कसे बदलते ते दाखवणारा आलेख) मी एकाहून अधिक प्रबंधांत पाहिला आहे, आणि तो सगळाच्या सगळा निरर्थक असतो. संशयाच्या जागेचीही नोंद घ्या: बाजू, चतुर्थांश आणि खोली.

पडताळणी. बायरॅड्स ३ (‘बहुधा निर्दोष’) पॉझिटिव्ह धरायचा की निगेटिव्ह, आणि ० चे काय करायचे, हे वाचन सुरू होण्याआधी तारीख घालून लिहिलेले आहे का?

## टप्पा ८: हिशेब

मोजणीचे एकक आधी ठरवा: स्त्री, स्तन की विकृती. एका स्त्रीच्या दोन स्तनांना दोन स्वतंत्र रुग्ण मानले की नमुना कागदावर दुप्पट होतो आणि विश्वास-अंतराल खोटाच अरुंद होतो. जागा जुळत नसेल तर ती बरोबर ओळख धरू नका. कर्करोग डाव्या स्तनात आणि वाचकाचा संशय उजव्या स्तनावर असेल, तर स्त्री पॉझिटिव्ह असली तरी रोग चुकलेलाच आहे.

जोडीच्या रचनेत दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून दोन स्वतंत्र गटांसाठी असलेली काई-वर्ग चाचणी लावू नका. समजा, १०० सिद्ध कर्करोग आहेत. दोन्ही यंत्रणांवर सापडलेले ७८, फक्त पहिलीवर सापडलेले ९, फक्त दुसरीवर ३ आणि दोन्हींवर चुकलेले १०. पहिलीची संवेदनशीलता ८७ आणि दुसरीची ८१ टक्के. पण दोघींत फरक दाखवणाऱ्या स्त्रिया फक्त १२ आहेत. बाकीच्या ८८ जणींनी फरकाबद्दल काहीच सांगितलेले नाही. १२ मध्ये ९ विरुद्ध ३ ही विभागणी जोडीच्या नोंदींसाठी असलेल्या मॅकनेमारच्या अचूक चाचणीने तपासली तर पी मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही केवळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.१५ च्या आसपास येते.

आता इथेच सर्वांत महागडी चूक होते. पी ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून ‘दोन्ही यंत्रणा समान’ असे लिहून विषय संपवला जातो. फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल काढा: सहा टक्के, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास पावणेसात. म्हणजे दुसरी यंत्रणा किंचित सरस असू शकते, किंवा शंभरात बारा-तेरा कर्करोग जास्त चुकवणारीही असू शकते. एवढी शक्यता शिल्लक असताना ‘समान’ हा शब्द वापरता येत नाही. ‘फरक सिद्ध झाला नाही’ एवढेच लिहावे आणि शेजारी अंतराल द्यावा.

आरओसी वक्राखालील क्षेत्रफळाचा अर्थ असा: एक कर्करोग असलेली आणि एक नसलेली स्त्री सहज निवडली, तर वाचक पहिलीला अधिक संशयाचे गुण देईल याची शक्यता. डीमिस्टमध्ये ते डिजिटलसाठी ०.७८ आणि फिल्मसाठी ०.७४ होते. अनेक वाचक असतील तर वाचकांतला आणि प्रकरणांतला बदल एकत्र धरणारे विश्लेषण, ओबुचोव्स्की-रॉकेट पद्धतीसारखे, लागते. सगळ्या वाचकांच्या नोंदी एकाच ढिगात ओतून काढलेला वक्र चालत नाही. आणि क्षेत्रफळावर थांबू नका. दोन वक्र एकमेकांना छेदत असतील तर क्षेत्रफळ सारखे येऊनही, प्रत्यक्ष काम चालते त्या भागात एक यंत्रणा वाईट असू शकते. म्हणून ठरलेल्या उंबरठ्यावरची संवेदनशीलता आणि विशिष्टता नेहमी जोडीनेच द्या.

## टप्पा ९: अहवाल, आणि त्याआधी त्या बारा प्रतिमा

अहवालासाठी स्टार्ड २०१५ या निदान-अचूकतेच्या अभ्यासांसाठीच्या मार्गदर्शिकेची ३० मुद्द्यांची यादी समोर ठेवा. किती स्त्रिया पात्र होत्या, किती आल्या, किती गळाल्या आणि का, याची आकृती काढा. गळालेल्यांना ‘निगेटिव्ह’ मध्ये टाकू नका.

लिहायला बसण्याआधी दोन यंत्रणांनी वेगळी उत्तरे दिलेल्या कर्करोगांच्या प्रतिमा, वरच्या उदाहरणातल्या १२ जणींच्या, दोन्ही यंत्रणांवरून एकाच वेळी शेजारी लावा. वाचक, तंत्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ तिघेही हजर हवेत. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या: रोग प्रतिमेत दिसत होता आणि वाचकाने सोडला, की स्तनाचा तो भाग प्रतिमेत आलाच नव्हता, की भाग आला होता पण यंत्रणेने रोग दाखवलाच नाही? पहिले उत्तर आले तर दोष वाचनाचा, दुसरे आले तर स्थिती लावण्याचा. तिसरे उत्तर किती वेळा आले तो आकडा, घनतेच्या वर्गासह आणि रोगाच्या प्रकारासह, निकालाच्या मुख्य तक्त्याखालीच छापा. खरेदी समितीने सर्वांत आधी मागायला हवा तो हाच तक्ता.